वाटणी आणि मुदत
कूटचलन निर्माण करणाऱ्यास पुरवठा किती असावा आणि तो कोणाच्या पदरात पडावा, हे दोन्ही प्रश्न आरंभीच सोडवावे लागतात. बिटकॉइनमध्ये २००९ साली हिशेबाचा नवा ठोकळा रचणाऱ्यास ५० नाणी मिळत. हे पारितोषिक दर २,१०,००० ठोकळ्यांनंतर निम्मे होऊन एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या आत राहावी, अशी तजवीज होती, आणि ठोकळा रचण्याच्या कामगिरीवाचून नव्या नाण्यावर कोणाचाही हक्क नव्हता. युनिस्वॅप या विनिमयव्यवस्थेने मात्र सप्टेंबर २०२० मध्ये १०० कोटी टोकनांची योजना जाहीर करून ६० टक्के समुदायासाठी राखली आणि उर्वरित भाग कर्मचारी, गुंतवणूकदार व सल्लागार यांस नेमून दिला. परंतु तो चार वर्षांच्या मुदतीत क्रमाक्रमाने मोकळा व्हावा, अशी अट घातली. माझ्या मते टक्केवारीपेक्षा ही मुदतच अधिक मोलाची आहे. कारण अत्यल्प मोलाने टोकने मिळालेल्यांनी ती एकदम बाजारात ओतली, तर भाव कोसळून नुकसान मागाहून आलेल्या सामान्य खरेदीदाराच्या माथी येते. युनिस्वॅपच्या पूर्वीच्या वापरकर्त्यांच्या प्रत्येक खात्यास किमान ४०० टोकने विनामूल्य मिळाली, हे औदार्य खरेच. तथापि एकाच व्यक्तीची अनेक खाती असू शकतात, आणि ती निःसंशय ओळखण्याचे साधन अद्याप उपलब्ध नाही.