अंगावरून वारं गेल्यानंतर

आपल्या खेड्यापाड्यांत पक्षाघात झाला असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘अमक्याच्या अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. शब्द मोठा चित्रमय खरा, पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे. वारे अंगावरून गेले म्हटले की सगळ्यांचे लक्ष अंगाकडे जाते. मग तेल चोळणे सुरू होते, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगतो, आणि महिना-दोन महिने त्यात गेले की घरची मंडळी म्हणतात, “आता काय, पडून राहायचं!”

बिघाड वास्तविक हातापायांत नसतो, डोक्यात असतो. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि तेवढ्या भागातील पेशी मरतात. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, की त्याच घटकेला १०८ क्रमांकाला फोन करावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. एवढे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. मला बोलायचे आहे ते रोगी दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या दिवसांविषयी.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मेंदूचे इतर भाग त्यांचे काम थोडेफार शिकू शकतात. शाळेतले एक मास्तर कायमचे गेले तर दुसरे त्यांचा वर्ग घेतात, तसेच हे. मात्र शिकायचे म्हणजे गिरवणे आलेच. पेला धरणे, बटण लावणे, खाटेवरून उठून उभे राहणे, हे दिवसातून पुष्कळदा करावे लागते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, पण सराव चालू ठेवला तर वर्षानंतरही काही ना काही पदरात पडते. रोग्याला उठवताना लुळा हात धरून ओढू नये, एवढे मात्र सांभाळा. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो आणि त्या ओढण्याने कायमचे दुखणे मागे लागते.

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली म्हणजे काही माणसांना डाव्या बाजूचे जगच जाणवेनासे होते. डोळे शाबूत असतात, पण लक्ष तिकडे जात नाही. ताटातली उजवीकडची भाकरी संपते, डावीकडची भाजी तशीच राहते. घरात बोलणी बसतात की यांना अन्न गोड लागत नाही. ताट जरासे फिरवून पाहा, ते उरलेलेही खातील! मग हळूहळू डावीकडे मान वळवायची सवय लावता येते.

डाव्या बाजूला इजा झाली तर उजवे अंग जाते, आणि बहुधा वाचेलाही धक्का बसतो. पॅरिसमध्ये १८६१ साली ब्रोका नावाच्या शल्यवैद्याने एका रोग्याची हकीकत मांडली. त्याला ‘टॅन’ एवढाच उच्चार जमे, पण लोकांचे बोलणे बरेचसे समजे. मृत्यूनंतर पाहिले तो मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात बिघाड आढळला. वाचा गेली म्हणजे अक्कल गेली असे नव्हे, हे तेव्हापासून दिसते आहे. तरी आपल्या घरांत अजून काय चालते? माणूस समोर बसलेला असताना त्याच्याच जमिनीचा विचार त्याला वगळून होतो. कोणी त्याच्याशी लहान मुलासारखे बोलतो, कोणी बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडतो. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला खिन्नता ग्रासते. तीही मेंदूच्या दुखण्यातलीच आहे आणि तिला औषध आहे. पण या वागणुकीने ती वाढेल की कमी होईल, तुम्हीच सांगा.

अशा माणसाला ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, पाटी किंवा चित्रे समोर ठेवावीत, आणि थांबावे. शब्द यायला वेळ लागतो. स्वतःचे नाव न सांगता येणारा माणूस कधी कधी आरती सुरू झाली की चालीवर सबंध म्हणतो, कारण पाठ असलेले, सुरातले शब्द मेंदूत काहीशा निराळ्या वाटेने येतात. भजनाला त्याला जरूर न्या.

हे सारे सूनबाईंनीच करावे असे मात्र माझे म्हणणे नाही. आपल्या देशातील १४ रुग्णालयांत सुमारे १२५० रोग्यांवर एक प्रयोग झाला. घरच्या माणसाला व्यायाम शिकवायचा आणि त्याच्याकडून रोग्याचा करून घ्यायचा, अशी योजना होती. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनंतर, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा या रोग्यांत परावलंबन किंवा मृत्यू कमी झाले नव्हते. मला यातून एवढेच दिसते की घराची माया ही शिकलेल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. व्यायामोपचार जाणणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे, आणि तो मागायला आपण संकोचता कामा नये.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर आहेत. उजवा हात गेला, सही जुळेना, पेन्शन अडली. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांच्या ओळखीने घ्यावा, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. मुलाने ती दाखवली, काम झाले. पण जन्मभर गावाला सही शिकविणाऱ्या माणसाला शाईत अंगठा बुडवणे किती लागले असेल! त्यांनी नातवाच्या दुरेघी वहीत डाव्या हाताने ‘ग म भ न’ गिरवायला घेतले. चार-पाच महिन्यांनी बँकेत नवी सही नोंदवली. अक्षर वेडेवाकडे आहे. आता पेन्शन काढून ते परस्पर पारावर जातात, आणि त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत मंडळी तंबाखू मळीत थांबतात.