चूक मुलाला कोण दाखवते?

स्वयंपाकघरात बसलेले दोन-अडीच वर्षांचे मूल डब्याचे झाकण पुनःपुन्हा काढते, लावते, आणि आपण ‘पुरे आता’ म्हणून डबा उचलून ठेवतो. वस्तुतः त्या घटकेला तेथे एक धडा चालू असतो.

या धड्याचे शास्त्र इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीतील बालगृहात मांडले. त्यांच्या एका लाकडी ठोकळ्यात दहा खाचा असतात आणि त्यांत नेमके बसणारे, क्रमाने जाड होत जाणारे दहा दट्टे. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत गेला की सैल डुगडुगतो आणि शेवटी उरलेला दट्ट्या उरलेल्या खाचेत शिरतच नाही. चुकीचा निकाल तत्क्षणी बोटांनाच कळतो, आणि मूल सारे उपसून नव्याने मांडू लागते. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी हे चाळीसहून अधिक वेळा करताना त्यांनी पाहिली.

रूढ वर्गात हा निकाल गुरुजींच्या अखत्यारीत असतो. तपासलेली पाटी हाती येईपर्यंत, ज्या विचारातून चूक घडली तो विचारच मुलाच्या मनातून निघून गेलेला असतो. अर्थात जोडाक्षरे किंवा इतिहास आपली चूक आपण दाखवीत नाहीत. तेथे शिक्षकावाचून गत्यंतर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेथे चूक वस्तूच दाखवते, तेथे मात्र तशी साधने हवीत, आणि मॉन्टेसरींची साधने महागडी. ही अडचण आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी सोडवली. 1945पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, सहकारी अनुताई वाघ यांच्यासह, त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हीच सामग्री मानली. आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली.