वैशाखात करावा दिवाळीचा साबण

आमच्याकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे आले, की जेवणानंतर एक फेरी साबणाच्या खोलीकडे होतेच. बांबूच्या मांडणीवर ओळीने लावलेल्या वड्या, खिडकीतून डोकावणारी माडाची झावळं, कोपऱ्यात टांगलेली वाळ्याची जुडी... कुणीतरी हमखास म्हणतं, "काय गं सुंदर आयुष्य आहे तुझं! आम्ही तिकडे लोकलला लोंबकळतोय आणि तू इथे फुलांचे साबण करत्येस." मी हसते, निघताना त्यांना आमसुलांबरोबर दोन वड्या बांधून देते. त्यातल्या एकाही वडीत फूल नसतं, हे मात्र सांगत नाही. ओल्या साबणात फूल घातलं, तर कॉस्टिकने ते काळं पडतं आणि आठवड्याभरात थेट उंदराच्या लेंडीसारखं दिसायला लागतं!

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत साबण सुरू झाला तो हौसेपोटी नव्हे, नारळ पडून राहिले म्हणून. चांगला मोठा नारळ व्यापारी उचलतो. लहान, वाकडातिकडा बाजूला काढतो. त्या टाकाऊ नारळांचं खोबरं वाळवून घाण्यावरून तेल काढून आणायचं, ही सासूबाईंची रीत. बारा-तेरा नारळांचं मिळून किलोभर तेल निघतं. पण घरात तेल लागून लागून किती लागणार? दुसरीकडे उन्हाळ्यात आमसुलं करून झाली, की कोकमाच्या बियांचा ढीग उरायचा. सासूबाई त्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या आणि वर येणारं तेल थिजत आलं की मुठीत वळून त्याचे गोळे करायच्या. मुठीत वळायचं म्हणून ते मुठेल. आमच्याकडे भिरंडेलही म्हणतात. भेगाळलेल्या टाचांवर यासारखं औषध नाही. २०१२ साली माझ्या मनात आलं, की खोबरेल आणि मुठेल एका पातेल्यात घालून पाहावं. रसायनशास्त्राची पदवी लग्नानंतर ट्रंकेत पडून होती, तीही त्या निमित्ताने बाहेर निघाली.

अशी अडलेल्या मालातून साबण निघण्याची गोष्ट काही आमच्यापुरती नाही. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानातलं चंदनाचं लाकूड युरोपात जायचं थांबलं, तेव्हा १९१६ साली तिथे चंदनतेल काढायचा कारखाना उभा राहिला आणि त्या तेलातून पुढे तो प्रसिद्ध साबण आला. आमचा पसारा त्यांच्या एका कढईएवढाही नाही, पण सुरुवात तीच!

साबण करणं सोपं आहे, आणि धोक्याचंही. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तिळाच्या तेलाला सुमारे १३४. प्रत्येक तेलाचं माप निराळं. कॉस्टिक जास्त पडलं तर कातडी सोलून निघेल, फारच कमी पडलं तर वडी तेलकट राहून लवकर खवट होईल. आम्ही हिशेबापेक्षा पाच-सहा टक्के कॉस्टिक कमी घालतो. उरलेलं तेवढं तेल अंगाला मऊपणा देतं. खोलीच्या भिंतीवर मी खडूने लिहून ठेवलंय : 'कॉस्टिक पाण्यात. पाणी कॉस्टिकमध्ये नाही.' उलटं केलं, तर पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि मुलाबाळांना खोलीत मज्जाव. पहिल्या वर्षी मी एकदा घाईत अॅल्युमिनियमचा टोप घेतला. कॉस्टिकचं पाणी ओतताच तो फसफसला, काळा पडला आणि नाकाला झोंबणाऱ्या वाफेने मी अंगणात पळाले. तो टोप अजून गोठ्यात आहे. सासूबाई त्याला 'पदवीचा टोप' म्हणतात.

माझ्याबरोबर वाडीतल्या तिघीजणी काम करतात. त्यातल्या थोरल्या काकी. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र घुसळताना एक क्षण असा येतो, की वरून धार सोडली तर पृष्ठभागावर तिची रेघ राहते. तोच साच्यात ओतायचा क्षण. दोन मिनिटं उशीर, की मिश्रण पातेल्यातच बसलं! मी हे त्यांना तापमानाच्या भाषेत समजावत होते. काकींनी ऐकून घेतलं, पातेल्यात डाव फिरवला आणि म्हणाल्या, "वैनी, पाक इलो." जन्मभर लाडू वळलेला हात. त्या दिवसापासून ती खूण काकींकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या आणि मग सहा आठवडे गप्प बसायचं. कापताना १२० ग्रॅमची असलेली वडी पाणी उडून शंभरावर येते, घट्ट होते, फेसाला चांगली होते. वेष्टनावर छापायचं वजन अर्थातच वाळल्यानंतरचं. विकायला अंगाचा साबण करायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्या कागदपत्रांची कथा सांगत बसले तर पुरवणीची दोन पानं जातील, म्हणून सोडून देते.

'दिवस कसा जातो?' असं लोक विचारतात. दूध, गोठा, माडा-पोफळींचं पाणी हे सगळं नवाच्या आत. वीज असेल तर दहा ते एक साबण. नसेल तर डावाने ढवळत बसा. दुपारी वेष्टनं, संध्याकाळी पार्सलं घेऊन कुडाळ. पण खरी गोष्ट दिवसाची नाहीच, वर्षाची आहे. साबणाला सहा आठवडे कोरडी हवा हवी आणि आमच्या कोकणात चार महिने हवेतून पाणी पिळून काढता येतं. त्यातून गिऱ्हाइकाला साबण हवा दिवाळीला! मोती साबणाच्या वासाने ज्यांची नरकचतुर्दशी उजाडली, त्यांना आता घरचा उटण्याचा साबणही हवा असतो. दिवाळीच्या सहा आठवडे आधी म्हणजे भाद्रपदाच्या आसपास. कोकणात तेव्हा गणपती असतात आणि पाऊसही असतो.

हा साधा हिशेब मला कळायला २०१९ साल उजाडावं लागलं. शहरातल्या एका दुकानाने एक हजार वड्यांची मागणी दिली होती. एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच! जुलैअखेरीपासून मी घाण्यामागून घाणे ओतले. खोबरेल पुरेना, म्हणून बाजारातलं स्वस्त शेंगदाणा तेल आणून भर घातली. ती चूक सर्वस्वी माझी. त्या वर्षीचा ऑगस्ट आमच्या भागातलं आणि घाटावर कोल्हापूर-सांगलीकडचं कुणी विसरेल असं वाटत नाही. दिवसचे दिवस वीज नाही, पंखा नाही, बाहेर नुसता पाण्याचा पडदा. एका सकाळी काकींनी हाक मारली, "वैनी, साबणांका घाम इलो गे!" खरंच, प्रत्येक वडीवर थेंब डवरले होते. घरच्या साबणात ग्लिसरीन राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पुसलं, तरी तासाभरात पुन्हा तेच. शेवटी वड्या उचलून स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीच्या उबेला नेऊन ठेवल्या. पावसाळ्यात खोबरं तिथेच तर वाळतं! घाम थांबला, पण नागरमोथा-आंबेहळदीच्या वासात चुलीचा धूर मिसळला. त्यापाठोपाठ वड्यांवर नारिंगी ठिपके दिसू लागले. शेंगदाण्याचं तेल खवटलं होतं.

हजारातल्या चारशे वड्या गेल्या. ठिपके खरवडून, वरून जास्तीचं अत्तर घालून पाठवता आल्या असत्या. दिवाळीच्या पहाटे कुणाच्या ध्यानात आलं असतं? मी तो विचार केला नाही असं सांगितलं, तर ते खोटं होईल. दोन रात्री केला. तिसऱ्या दिवशी काकींसमोर एक वडी धरली आणि म्हटलं, "घ्या, बघा." त्यांनी वास घेतला, वडी खाली ठेवली आणि पदराला बोटं पुसली. बोलल्या काहीच नाहीत. मी दुकानाला फोन केला : सहाशे आहेत, चारशे नाहीत. ते म्हणाले, सगळा माल नाही तर काहीच नको. आधीच्या तीन महिन्यांचे पैसेही त्यांच्याकडे अडकले होते, ते फेब्रुवारीत आले.

पण गणपती तर दारात. तिघींची मजुरी द्यायची होती. नवऱ्याने साठवून ठेवलेली सुपारी पडत्या भावात विकली आणि आपल्या शेतीच्या वहीत एक ओळ लिहिली : 'साबणास दिले, रुपये २२,०००.' त्यापुढे 'परत' असा रकाना आखला आणि कोरा ठेवला. भांडला असता तर बरं, इतका तो कोरा रकाना मला बोचत राहिला. वाया गेलेल्या वड्यांनी वर्षभर गोठा आणि पोती धुतली. उरलेल्या सहाशे जत्रेत आणि ओळखीपाळखीने खपल्या.

त्यानंतर आम्ही पंचांगच फिरवलं. आता दिवाळीचा साबण चैत्र-वैशाखात होतो. शेवटचा घाणा अक्षय्य तृतीयेला. त्यानंतर कुणी कितीही गळ घातली तरी पातेलं चढत नाही. वड्या उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यावर पिकतात आणि पाऊस लागायच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यांत जातात. श्रावणापासून फक्त वेष्टनं आणि पार्सलं. ऐकायला सोयीचं वाटतं. पण याच दिवसांत आंबा, याच दिवसांत कोकम, अंगणभर खोबरं आणि घरभर पाहुणे. शिवाय तेला-कॉस्टिकचा पैसा चैत्रात घातलेला, तो सुटणार कार्तिकात. मधले सहा-सात महिने तो डब्यांत बसून असतो. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळा देश साबणाने हात धुवत होता आणि आमच्या वड्या डब्यांत होत्या, कारण कुरियर बंद!

रकाना भरला २०२१ मध्ये. आणि मग आलं २०२५. खोबरेलाचे भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाले. जो व्यापारी लहान नारळांकडे ढुंकूनही पाहत नव्हता, तो तेही गोणीत भरायला लागला. एका रात्री नवऱ्याने वही उघडली. "तुझ्या एका वडीत अर्ध्याहून जास्त नारळ जातो. तो तसाच विकला तर ढवळायला नको, कापायला नको, सहा महिने थांबायला नको. यंदा बंद ठेव." आकडे बरोबर होते. पडून राहिलेल्या नारळातून सुरू झालेला धंदा. आता नारळ पडूनच राहत नाही म्हटल्यावर त्याचं कारणच संपलं.

स्वस्त पामतेल घालून पाहावं, असंही मनात आलं. पण आमची जुनी गिऱ्हाइकं खाडीकाठची. तिथल्या विहिरींचं पाणी मचूळ, त्यात बाजारचा साबण नीट फेसाळत नाही. खोबरेलाचा मात्र खाऱ्या पाण्यातही फेस देतो. त्यांना एका आंघोळीत कळलं असतं. मी माझी वही काढली. तिच्यात तिघींची मजुरी महिन्यागणिक लिहिलेली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, लावणी आटोपल्यावर, वाडीत दुसरीकडून त्यांच्या हाती पैसा येत नाही. त्या दोन महिन्यांच्या ओळींत फक्त साबण आहे. नवऱ्याने ती पानं बराच वेळ चाळली. म्हणाला, "निम्मे नारळ माझे, निम्मे तुझे." दरवर्षीच्या सुमारे तीन हजारांऐवजी सोळाशेच वड्या झाल्या. किंमत ८० वरून १०० रुपयांवर नेली. काही गिऱ्हाइकं सुटली. एका आजींनी पत्र लिहून मला महागाईबद्दल चांगलंच सुनावलं आणि त्याच पत्रात सहा वड्या मागवल्या.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी डबे उघडायचा आमचा रिवाज आहे. कोकणातला पाऊस वर्षाला एखादा डबा तरी गिळतोच, म्हणून त्या सकाळी कुणी फारसं बोलत नाही. त्या वर्षी चोवीस डबे होते. काकींनी पहिलं झाकण काढलं, मधली एक वडी उचलली, अंगठा फिरवला, नाकाशी धरली आणि पुढच्या डब्याकडे वळल्या.