कुकरच्या शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

मागच्या रमजानची गोष्ट. शाळा सुटून घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. काबुली चणे भिजत घालायचे राहिले होते आणि इफ्तारला पाहुणे येणार होते. मी कोरडेच चणे धुतले, कुकर गळ्यापर्यंत भरला, गॅस मोठा केला आणि असरच्या नमाजला गेले. बराच वेळ शिट्टी काही वाजली नाही. मग एकदम मोठा आवाज झाला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडून चण्याचं उकळतं पाणी छतापर्यंत गेलं होतं. धाकटी मुलगी दोन मिनिटांपूर्वीच ओट्याजवळून उठली होती. अल्लाहचं शुक्र!

नंतर पाहिलं तर शिट्टीखालच्या नळीत चण्याचं साल अडकलेलं. चूक कुकरची नव्हती, माझी होती. म्हणूनच हे लिहायला बसले.

कुकरमध्ये नेमकं काय होतं?

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. आच कितीही वाढवा, ते त्यापेक्षा गरम होत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. त्यामुळे कडधान्य लवकर शिजतं.

दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की शिट्टी उचलली जाते आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तरी आतलं तापमान वाढत नाही, फक्त पाणी आणि गॅस वाया जातो. एका घरचा कुकर मिनिटाला शिट्टी देतो, दुसऱ्या घरचा चार मिनिटांनी. मग "सहा शिट्ट्या काढा" या सल्ल्याला अर्थ काय? पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि घड्याळ बघा.

नवीन कुकर घेताना

आधी आयएसआय खूण आणि त्याजवळ आयएस २३४७ हा क्रमांक बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला ही खूण सक्तीची आहे. स्वस्त मिळतो म्हणून बिनखुणेचा कुकर घेऊ नका.

माप ठरवताना लक्षात ठेवा, काबुली चणे भिजून दुपटीहून जास्त फुगतात. पाव किलो चण्याला ३ लिटरचा कुकर पुरतो, अर्ध्या किलोला ५ लिटरचा लागतो. दावत असेल तर एकाच कुकरमध्ये कोंबण्यापेक्षा दोनदा लावा.

ॲल्युमिनियमचा कुकर हलका, स्वस्त आणि लवकर तापणारा. पण चिंच, टोमॅटो असं आंबट त्यात फार वेळ ठेवू नये. स्टीलचा घ्यायचा तर बूड जाड बघा, पातळ बुडाला कडधान्य करपतं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर वाफ असेपर्यंत उघडत नाही. बाहेरून बसणाऱ्या झाकणावर मात्र जोर करू नका.

भिजवणं टाळू नका

चणे आणि राजमा आठ ते दहा तास भिजवा. तरावीहनंतर भिजत घातले तर सहरीला पाणी बदलून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात आंबतात. विसरलातच तर पाच मिनिटं उकळून, झाकून तासभर ठेवा.

राजम्याचं भिजवलेलं पाणी टाकून द्या. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. दाणा बोटाने सहज दाबला गेलाच पाहिजे.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात कडधान्य लवकर मऊ होत नाही, म्हणून फिल्टरचं पाणी वापरा. मीठ आधी घातलं तरी चालतं. टोमॅटो, चिंच, कोकम मात्र शिजल्यावरच घाला, आंबटाने दाणे कडक राहतात. फार जुना माल कितीही शिजवा, टणकच राहतो.

लावताना आणि उघडताना

झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का बघा. कडधान्य आणि पाणी मिळून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, कारण फेस आणि सालं वर येतात. मोहरमच्या खिचड्यासाठी गहू आणि डाळी लावतानाही हाच नियम. चमचाभर तेल घातलं तर फेस कमी होतो.

पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर साधारण एवढा वेळ द्या (सगळं भिजवलेलं धरून):

- काबुली आणि काळे चणे: १५ ते २० मिनिटं
- राजमा: १५ ते २० मिनिटं
- चवळी: ५ ते ८ मिनिटं
- मोड आलेली मटकी: ३ ते ४ मिनिटं

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या. या दहा-पंधरा मिनिटांतही दाणे शिजतच असतात. शिट्टी उचलून वाफ काढायला गेलात तर गरम फेस अंगावर येतो. अजानला पाच मिनिटं उरली असली तरी झाकणाशी झटापट नको.

रबर सैल किंवा कडक झालं, बाजूने वाफ येऊ लागली, तर लगेच बदला. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे घ्या. शिट्टी नेहमीच्या वेळेत आली नाही तर जवळ वाकून बघू नका, आधी गॅस बंद करा.

आमच्या छतावरचा डाग अजून पुसला गेलेला नाही. आता चणे रात्रीच भिजत पडतात, आणि कुकर गॅसवर असताना ओट्याजवळ कुणीतरी मोठं माणूस असतंच.