भाड्याचे घर आणि गाडीची जागा : तोंडी नको, लेखी हवे

मीरा रोड, नयानगर आणि भाईंदर येथे आपले कितीतरी व्यापारी व कारागीर बांधव ११ महिन्यांच्या करारावर घर घेतात. डिपॉझिट, भाडे, दलाली सगळे ठरते. गाडी कोठे लावायची, हे मात्र तोंडी राहते. मग सामान उतरवायच्या दिवशीच वॉचमन टेम्पो अडवतो. गाडी रस्त्यावर आणि तिच्यातील माल व अवजारे रात्रभर अल्लाच्या भरवशावर! ज्याची रोजी-रोटी त्या गाडीवर चालते, त्याच्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे.

इमारतीखालची जागा कोणाची, हा प्रश्न शेजारच्या दहिसर पूर्वेतील पांचाली सोसायटीच्या खटल्यात सुटला. नहालचंद लालूचंद या बांधकाम कंपनीने स्टिल्टमधील पार्किंगवर आपला हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी तो फेटाळला. अशी जागा इमारतीच्या सामायिक भागात मोडते; बिल्डरला ती फ्लॅटप्रमाणे वेगळी विकता येत नाही.

म्हणजे वाटप सोसायटीच्या हाती. आदर्श उपविधींनुसार जागा गाडी असलेल्या सभासदाला मिळते. गाड्या जास्त आणि जागा कमी असल्यास चिठ्ठ्या टाकल्या जातात. भाडेकरू हा सभासद नसतो. म्हणून मालकाने ‘पार्किंग आहे’ म्हटले की लगेच विसार देऊ नये. त्याच्या नावे सोसायटीचे वाटपपत्र आहे का, त्याची मुदत किती आणि भाडेकरूची गाडी तेथे लावू देण्यास सोसायटी राजी आहे का, हे आधी पाहावे. मालवाहू टेम्पो असेल तर तसे स्पष्ट सांगूनच विचारावे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पण कोर्टाचे हेलपाटे कोणाला परवडतात? त्यापेक्षा करारातच जागेचा क्रमांक, गाडीचा प्रकार व क्रमांक लिहून घ्यावा. बिनभोगवटा शुल्क वेगळे आणि पार्किंगचे शुल्क वेगळे. कोणते कोणी भरायचे, तेही नमूद करावे.

घर भाड्याने देणाऱ्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. जी जागा आपल्या नावे नाही, तिचे आश्वासन देऊन जास्त भाडे घेणे हा सचोटीचा व्यवहार नव्हे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये आहे. ती दुकानाच्या वहीपुरतीच का पाळावी?

आणि जागा मिळाली नाही, तर फाटकासमोर किंवा शेजाऱ्याच्या वाटेत गाडी लावू नये. भाडे चार पैसे जास्त पडले तरी चालेल, पण गाडीच्या जागेचा निकाल सहीपूर्वीच लावून घ्यावा.