पवनाकाठची वाढती वस्ती

लोकसंख्या, उद्योगधंदे, निसर्ग आणि हवामान यांचा विचार बहुधा चार निरनिराळ्या खात्यांत होत असतो. शिरगणतीचे अधिकारी माणसे मोजतात, अर्थशास्त्रज्ञ उत्पन्नाचा हिशेब मांडतात, वनस्पतिशास्त्रज्ञ झाडे पाहतात आणि वेधशाळा पाऊस मोजते. परंतु एखाद्या नदीच्या काठाने चालत गेले असता ही खाती केवळ कागदावरची आहेत, हे ध्यानात येते. पिंपरी-चिंचवडची पवना ही अशा पाहणीस फार सोयीची नदी होय. सह्याद्रीत उगम पावून मावळातील भातखाचरांमधून ती खाली उतरते, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळून वाहते आणि दापोडीपाशी मुळेस मिळते. तिची लांबी थोडी, पण तिच्यावरचा भार मोठा.

हा भार कसा वाढला? १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि मागोमाग यंत्रांचे व मोटारींचे कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. १९७१ च्या शिरगणतीत येथील वस्ती लाखाच्या आत होती. २००१ साली ती दहा लाखांवर गेली आणि २०११ साली सतरा लाखांच्याही पुढे.

एवढे आकडे ऐकून कोणी म्हणेल, की माणसे फार जन्मतात, हेच सर्व अनर्थाचे मूळ. वस्तुस्थिती तशी नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण १.७ आढळले, लोकसंख्या स्थिर राहण्यास ते सुमारे २.१ असावे लागते. तेव्हा या नगरीची वाढ मुख्यतः पाळण्यातून झालेली नसून एस. टी. च्या फलाटावरून झालेली आहे. कारखान्याने माणसे ओढली हे खरे. पण कोरडवाहू शेतीने त्यांना ढकलले, हेही तितकेच खरे. १९७२ च्या दुष्काळात अशी पुष्कळ कुटुंबे गाव सोडून शहरांकडे निघाली. पाऊस लहरी झाला की खेडे रिकामे होते आणि शहर भरते. हवामान व लोकसंख्या यांची पहिली गाठ येथे पडते.

दुसरी गाठ पाण्याची. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून ते उचलून शहरास पुरविले जाते. वाटेत पाणी घटते आणि दूषित होते, म्हणून ते धरणापासून बंद नळाने आणावे, अशी योजना निघाली. शहराच्या दृष्टीने ती तर्कशुद्ध होती. परंतु नदीवर ज्यांची शेती चालते, त्यांना नदी कोरडी पडण्याचे भय वाटले. शिवाय धरणाखाली जमिनी गेलेल्यांचे जुने दुःख होतेच. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसे प्राणास मुकली. आठच वर्षांनी, २०१९ च्या नोव्हेंबरात, शहरात दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. नळाच्या तोटीमागे केवढा इतिहास असू शकतो, याची यावरून कल्पना यावी.

तिसरी गाठ पुराची. शेतजमीन पावसाचे पाणी पिते. सिमेंट व डांबर ते पीत नाहीत, ओढ्याकडे लोटतात. चाकणचा परिसर पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध होता. आता तेथे मोटारींचे कारखाने व गुदामे मैलोगणती पसरली आहेत. जमीन अशी झाकली जात असतानाच आकाशही बदलत आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतरांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणारी अतिवृष्टी तिप्पट झाली. एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे तहान व पूर ही एकाच बदलाची दोन रूपे होत.

नदीला पसरावयास जागा लागते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, तेथे निळी पूररेषा आखतात. चिखली येथे इंद्रायणीच्या या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले २०२५ च्या मे महिन्यात न्यायाधिकरणाच्या आदेशावरून पाडण्यात आले. ज्यांनी आयुष्याची पुंजी तेथे घातली होती, त्यांना रेषेचा अर्थ घर पडताना कळला. तो जमीन विकली जाण्यापूर्वीच कळावयास हवा होता.

आता उपाय कोणता? कारखाने बंद करावेत, हे म्हणणे भाकरीचा विचार न करणाऱ्याचे होय. आणि आधी श्रीमंती, मग नदी, हे म्हणणे पाण्याचा विचार न करणाऱ्याचे. सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना पुन्हा वापरावयास दिले, तर मावळच्या शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी तितके कमी ओढावे लागेल. कामगाराचे घर कामाजवळ असले, तर धूर घटेल. आता येथे विजेवर चालणारी वाहनेही तयार होतात. परंतु महाराष्ट्राची वीज बव्हंशी कोळशापासून होते, तोवर त्यांचे पुण्य अर्धेच. आणि ज्या कोरडवाहू गावातून माणूस निघतो, तेथे पाणी अडवून शेती टिकविली, तर शहराकडे येणे ही त्याची निवड राहील, निरुपाय राहणार नाही.

शहराची वाढ माणसांच्या संख्येने मोजण्याची सवय आहे. पवनाकाठी मात्र ती आणखी एका मापाने मोजावी लागेल: धरणाखालच्या शेतकऱ्याला, बंधाऱ्याखालच्या नागरिकाला आणि पुढे संगमाखालच्या गावाला एकच नदी पुरी पडते की नाही.