दहा लीचे वचन

वाचकहो, मुलीला परदेशी शिकावयास पाठविण्याची गोष्ट निघाली की घरात पहिला प्रश्न बहुधा आईच विचारते : “तिकडे माझ्या लेकीचे कोण?” हा प्रश्न जुनाट म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु आशियातील एका थोर स्त्री-विद्यापीठाच्या आरंभी हाच प्रश्न उभा होता, आणि तो हसण्यावारी नेला गेला नाही.

सन 1886. कोरियाची राजधानी सेऊल येथे मेरी स्क्रँटन या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुलींना शिकविण्यास आरंभ केला. प्रथम विद्यार्थिनी एकच होती. एका अधिकाऱ्याच्या घरची ही स्त्री राणीची दुभाषी होण्याच्या आशेने आली आणि सुमारे तीन महिन्यांत निघूनही गेली. पुढे एका दरिद्री घरातील मुलगी आली. तिच्या आईला शेजाऱ्यांनी भंडावून सोडले : आज ही परकी बाई पोरीला पोटभर जेवू घालील, उद्या तिला अमेरिकेला घेऊन जाईल! आईचे मन कचरले. तेव्हा बाईंनी तिला लेखी वचन दिले. मुलीचा मी सांभाळ करीन, तिला शिकवीन. पण तुमच्या संमतीवाचून देशाबाहेर तर नाहीच, दहा लीदेखील दूर नेणार नाही. दहा ली म्हणजे सुमारे 4 किलोमीटर. पुढच्याच वर्षी राजदरबाराने या शाळेला ‘इह्वा’, म्हणजे नाशपतीचे फूल, असे नाव दिले. 1946 साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दहा लीच्या वचनाने सुरू झालेल्या या संस्थेत आज देशोदेशींच्या विद्यार्थिनी एकेका सत्रासाठी येतात आणि तिच्या विद्यार्थिनी तशाच परदेशी जातात.

योगायोग पाहा. त्याच 1886 सालच्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आपल्या आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. 1883 साली निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून लोकांच्या शंकांना उत्तरे दिली होती, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचन दिले होते. ते त्यांनी पाळले. मात्र 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

आनंदीबाईंच्याच महाविद्यालयातून 1889 साली डॉक्टर झालेल्या रोझेटा शेरवुड पुढच्या वर्षी सेऊलला गेल्या. तेथे इह्वा शाळेतील एक मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली. पुढे एस्थर पार्क या नावाने ओळखली गेलेली ही मुलगी पतीसह अमेरिकेस गेली आणि 1900 साली बाल्टिमोर येथे पदवी घेऊन कोरियाची पहिली स्त्री-डॉक्टर झाली. तिच्या शिक्षणासाठी तिकडे राबणारा तिचा पती पदवीदानाच्या काही दिवस आधीच क्षयाने गेला, आणि दहा वर्षे रुग्णसेवा करून तीही त्याच रोगाने गेली. आयांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे या दोन्ही चरित्रांवरून दिसते.

एका देशातील दिवा पाहून दुसऱ्या देशात दिवा लागावा, अशी स्त्रीशिक्षणाची रीत आहे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या वाचनात आली, आणि 1916 साली पुण्याजवळ भारतातील पहिले महिला विद्यापीठ निघाले. राजस्थानात हिरालाल व रतन शास्त्री यांची बारा वर्षांची कन्या शांताबाई 1935 साली वारली. तिच्या स्मरणार्थ मोजक्या मुलींना घेऊन सुरू झालेली शाळाच आजचे वनस्थळी विद्यापीठ होय.

आता जयपूरच्या उत्तरेस सीकरच्या वाटेवरील चौमूंसारखे गाव डोळ्यांपुढे आणा. तेथल्या मुलीला जयपूर ओलांडून टोंक जिल्ह्यातील वनस्थळीला जायचे म्हटले तरी घरात चर्चा होते. मग कोरियाचे नाव निघाले तर? अशा वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी विद्यार्थी-विनिमयाचा अर्थ नीट समजून घ्यावा. विनिमयात मुलगी आपल्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी राहते. दोन विद्यापीठांत करार असतो. बहुधा शिक्षणशुल्क घरच्या विद्यापीठातच भरावयाचे असते. प्रवास, वसतिगृह, भोजन व विमा यांचा खर्च निराळा. कोरियातील सत्रे मार्च ते जून आणि सप्टेंबर ते डिसेंबर अशी असतात. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला तेथे पोचल्यापासून 90 दिवसांत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करावी लागते.

जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : तिकडचे कोणते विषय इकडे धरले जातील, वसतिगृहात जागा निश्चित आहे काय, आणि अडीअडचणीला कोणाला गाठावयाचे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. शाकाहारी मुलीने हेही जाणावे की किमची हे कोबीचे लोणचे असले तरी त्यात बहुधा माशांचा खार असतो. थंडीत सेऊलचे तपमान शून्याखाली जाते, तेव्हा गरम कपडे हवेतच. भाषेचे भय मात्र वाटते तेवढे नाही. राजा सेजोंगने 1446 साली प्रसृत केलेल्या लिपीत आज 14 व्यंजने व 10 स्वर ही मूळ अक्षरे आहेत. वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते, आणि ‘तू’ व ‘आपण’ यांसारखा मानाचा भेद तेथेही कसोशीने पाळतात.

तेथील समाज आपल्याहून सर्वच बाबतींत पुढे आहे, असेही समजू नये. विवाहित स्त्रीला इह्वामध्ये विद्यार्थिनी म्हणून राहण्यास मनाई होती. तो नियम 2003 साली रद्द झाला. नवव्या वर्षी लग्न झालेल्या आनंदीबाईंना त्या नियमाखाली तेथे प्रवेशच मिळाला नसता! परदेशी गेलेल्या मुलीने गुणांबरोबर अशा उणिवाही डोळसपणे पाहाव्यात. दोन समाज शेजारी ठेवून पाहण्याची सवय हा विनिमयाचा खरा लाभ आहे, आणि तो गुणपत्रिकेत मावत नाही.

म्हणून, भगिनींनो, मुलीने हट्ट धरला तर एकदम ‘नाही’ म्हणू नका; आणि मुलींनो, आई घाबरली तर तिला अडाणी समजू नका. तिच्यापुढे करार ठेवा, पत्ते ठेवा, परतीची तारीख ठेवा. सेऊलमधल्या त्या गरीब आईने एवढेच मागितले होते, आणि ते मिळाल्यावर तिची मुलगी शाळेत राहिली.